थंबनेल पुन्हा पुन्हा चुकीची का दिसते : पायथन वेब ॲपमधील कारणे आणि निवारण

कोल्हापुरातल्या चप्पल लाइनमध्ये पिढीजात दुकान असलेल्या एका काकांसाठी मी फ्लास्क या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये एक लहानसे विक्रीचे संकेतस्थळ बांधून दिले होते. वर्षभर ते बिनबोभाट चालले. नवरात्राच्या तोंडावर, म्हणजे अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या गर्दीसाठी नवा माल लावण्याची घाई असताना, काकांचा फोन आला : "अहो, सगळ्या जोड्यांस्नी एकच फोटो दिसायला लागलाय, बघा की जरा." मी पाहिले तर खरोखरच नव्या अठ्ठावीस जोड्यांवर एकाच गोंडेदार चपलेची थंबनेल, म्हणजे यादीतले लहान चित्र, दिसत होती. मी ती दुरुस्त केली. दोन महिन्यांनी वेगळ्याच कारणाने जुनी थंबनेल दिसू लागली, पुढे उभे फोटो आडवे झाले, मग काही फोटोंचा खालचा भाग राखाडी येऊ लागला, आणि प्रत्येक वेळी काकांची तक्रार मात्र एकच होती : फोटो चुकीचा दिसतोय.

ग्राहकाच्या दृष्टीने एकच असलेला हा बिघाड आतून पाहिला तर सहा-सात निरनिराळ्या बिघाडांचा असतो, आणि म्हणूनच तो 'पुन्हा आला' असे वाटते. माझ्या अनुभवात त्यांतील बहुतेकांचे मूळ एका गोष्टीत निघाले. ज्या फाइलपासून थंबनेल बनते त्या फाइलच्या मजकुराशी, म्हणजे आतील बाइट्सशी, थंबनेलचे नाव बांधलेले नव्हते. ते कधी अपलोड करणाऱ्याने दिलेल्या नावाशी, कधी मालाच्या शीर्षकाशी, तर कधी डेटाबेसमधील क्रमांकाशी बांधलेले होते. हे नाते नीट जोडले की निम्म्याहून अधिक तक्रारी संपतात, आणि उरलेल्या तक्रारी कोठे शोधायच्या हे तरी कळते.

आधी बिघाड कोणत्या पायरीवर आहे ते ठरवा

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी तीन ठिकाणी पाहावे. थंबनेलचा पत्ता ब्राउझरच्या खाजगी विंडोमध्ये थेट उघडावा. तेथे ती बरोबर दिसली तर दोष ब्राउझरच्या कॅशेमध्ये, म्हणजे त्याने जपून ठेवलेल्या जुन्या प्रतीत, आहे. तेथेही चुकीची दिसली तर सर्व्हरवर जाऊन थंबनेलची फाइल स्वतः उघडून पाहावी. ती बरोबर असेल तर दोष एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये किंवा मधल्या एखाद्या कॅशेमध्ये आहे. तीही चुकीची असेल तर मूळ फोटोची फाइल उघडावी. मूळ फोटोच चुकीचा असेल, तर थंबनेलच्या कोडमध्ये कितीही शोधले तरी काही सापडणार नाही, कारण बिघाड अपलोडच्या वेळीच झालेला असतो. पहिल्या वेळी मी नेमकी हीच तिसरी पायरी गाळली आणि पिलो या चित्रे हाताळणाऱ्या लायब्ररीच्या कोडमध्ये अख्खी संध्याकाळ घालवली. मूळ फोटोंच्या फोल्डरमध्ये अठ्ठावीसच्या जागी एकच फाइल होती, आणि तिचे नाव होते नुसते 'जेपीजी', मागे-पुढे काहीही नाही.

देवनागरी नावांचा प्रश्न

हा भाग सविस्तर लिहीत आहे, कारण मराठी नावांच्या फाइली हाताळणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी भेटतो आणि इंग्रजी मार्गदर्शिकांतील उदाहरणे इंग्रजी नावांची असल्याने तो तेथे दिसत नाही.

फ्लास्कमध्ये अपलोड झालेल्या फाइलचे नाव सुरक्षित करण्यासाठी त्याच्यासोबत येणाऱ्या वर्कझॉइग या लायब्ररीतील 'सिक्युअर फाइलनेम' हे फंक्शन वापरण्याची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे, कारण कोणी नावात फोल्डरचा मार्ग घालून भलतीकडे फाइल लिहू नये यासाठीच ते फंक्शन आहे. ते नावातील अक्षरांचे युनिकोड विघटन करते, आस्कीमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरे-आकड्यांच्या मूळ संचात, न बसणारे प्रत्येक अक्षर टाकून देते, उरलेल्या नावातील जागा खालच्या रेघेने जोडते आणि शेवटी दोन्ही टोकांचे टिंब व खालची रेघ काढून टाकते. आता 'काळा पट्टा' या नावाच्या जेपीजी फाइलचे काय होते ते पाहा : सर्व देवनागरी अक्षरे गळतात, उरते एक टिंब आणि 'जेपीजी', टोकाचे टिंबही जाते आणि फाइलचे संपूर्ण नाव 'जेपीजी' एवढेच होते. 'लाल गोंडा', 'कापशी', 'कोरा जोड' या सगळ्यांचे तेच होते, आणि प्रत्येक नवी फाइल आधीच्या फाइलवर लिहिली जाते.

मग वर्षभर हे का झाले नाही? काका फोटो व्हॉट्सॲपवरून घेत असत, आणि त्या फोटोंची नावे इंग्रजी अक्षरे, तारीख आणि आकडे यांची बनलेली असतात. त्यांना या फंक्शनने धक्काही लावला नाही. नवरात्राच्या आधी काकांच्या सूनबाईंनी हे काम हाती घेतले आणि फोटो पटकन सापडावेत म्हणून प्रत्येक फाइलला मराठीत नीट नाव दिले. त्यांचे काम अतिशय शिस्तीचे होते. मराठी नाव येईल याचा विचार करणे हे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते.

पुढे हेच संकेतस्थळ मी जँगो या पायथनच्या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये नव्याने बांधले, आणि तेव्हा हाच प्रश्न दुसरे रूप घेऊन आला. जँगो देवनागरी अक्षरे टाकून देत नाही, पण त्यातील फाइलचे नाव स्वच्छ करणारे फंक्शन आणि शीर्षकापासून पत्त्यात चालेल असे नाव बनवणारे 'स्लगिफाय' हे दोन्ही पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधील 'शब्दाचे अक्षर' या वर्गावर अवलंबून आहेत. पायथनच्या दृष्टीने 'प' हे शब्दाचे अक्षर आहे, परंतु काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह ही युनिकोडमध्ये जोडचिन्हे असल्यामुळे त्या वर्गात येत नाहीत. पायथनच्या शेलमध्ये 'प' आणि 'ा' या दोघांना 'इजअलनम' विचारून पाहिले की पहिल्याला होकार आणि दुसऱ्याला नकार मिळतो. परिणामी 'पट्टा' या शब्दातील प, ट, हलन्त, ट आणि काना या पाच युनिकोड खुणांपैकी तीनच उरतात आणि नाव होते 'पटट'.

हे नुसते दिसायला कुरूप असते तर सोडून देता आले असते. पण 'काळा पट्टा' आणि 'काळी पट्टी' या दोन वेगळ्या मालांचे नाव आता एकच होते : 'कळ-पटट'. 'साधा जोड' आणि 'साधी जोडी' या दोघांचेही 'सध-जड' होते. 'लाल गोंडा' आणि 'लाल गोंडे' दोन्ही 'लल-गड' होऊन बसतात. मराठीत लिंग आणि वचन बहुतांशी शेवटच्या स्वरचिन्हावर ठरत असल्यामुळे, स्वरचिन्हे गाळणे म्हणजे शब्दातील भेद दाखवणारा भागच गाळणे होय. जँगोच्या साठवणुकीच्या व्यवस्थेत त्याच नावाची फाइल आधी असेल तर नव्या नावापुढे खालची रेघ आणि सात यादृच्छिक अक्षरे जोडली जातात, म्हणून मूळ फोटो वाचले. माझ्या कोडमध्ये मात्र थंबनेलचा मार्ग मालाच्या शीर्षकाला युनिकोडची मुभा देऊन 'स्लगिफाय' करून बनवलेला होता आणि फाइल थेट लिहिली जात होती, त्यामुळे काळ्या पट्टीने काळ्या पट्ट्याची थंबनेल पुसली. युनिकोडची मुभा दिली नसती तर सगळीच नावे रिकामी झाली असती, म्हणजे पुन्हा फ्लास्कचीच गत.

एक बारीक गोष्ट याच संदर्भात सांगून ठेवतो. मराठीतील 'ऱ', म्हणजे 'कोऱ्या चपला' किंवा 'पायऱ्या' यांतील अक्षर, युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते : एकच खूण म्हणून, किंवा 'र' आणि नुक्ता अशा दोन खुणा म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमला ती दोन वेगळी नावे वाटतात, आणि एका यंत्रावरून आलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर टाइप केलेल्या नावाने शोधली तर सापडत नाही. म्हणून डेटाबेसमध्ये जपायचे प्रत्येक नाव 'युनिकोडडेटा' या मॉड्यूलमधील 'नॉर्मलाइझ' फंक्शनने एनएफसी, म्हणजे अशा जोड्यांची एकच खूण करणाऱ्या, रूपात आणूनच ठेवावे.

नाव मजकुरावरून द्या

निवारण साधे आहे. वापरकर्त्याने दिलेले मराठी नाव डेटाबेसमध्ये, सर्व काना-मात्रांसह, दाखवण्यासाठी आणि शोधण्यासाठी जपावे. डिस्कवरच्या फाइलला ते देऊच नये. मूळ फोटोच्या बाइट्सचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, काढावा आणि तेच मूळ फाइलचे नाव ठेवावे. तो हॅश ६४ अक्षरांचा असतो. त्यातील पहिल्या दोन अक्षरांचे उपफोल्डर केले की फाइली २५६ फोल्डरांत विभागल्या जातात आणि कोणतेही एक फोल्डर फुगत नाही. थंबनेलचे नाव याच हॅशला कमाल रुंदी, दर्जा आणि एक कृती-क्रमांक जोडून बनवावे.

कृती-क्रमांक कशासाठी, हे दोन महिन्यांनी आलेल्या दुसऱ्या बिघाडावरून लक्षात येईल. मी यादीतील थंबनेल ३०० पिक्सेलवरून ४०० पिक्सेलची केली आणि जेपीजीचा दर्जा पिलोच्या मूळच्या ७५ वरून ८२ केला. पण नाव तेच राहिल्यामुळे 'फाइल आधीच आहे' असे समजून कोडने नवी फाइल बनवलीच नाही. जुनी फोल्डर रिकामी केल्यावर सर्व्हरवर नव्या फाइली आल्या, तरीही ग्राहकांच्या मोबाइलवर जुन्याच दिसत राहिल्या, कारण एन्जिनएक्समध्ये मी चित्रांसाठी तीस दिवसांची मुदत लिहिली होती आणि त्यांच्या ब्राउझरने ती प्रामाणिकपणे पाळली. दुसऱ्याच्या मोबाइलमधील कॅशे सर्व्हरवर बसून पुसता येत नाही. फोटो बदलला किंवा थंबनेल बनवण्याची कृती बदलली की नाव आपोआप बदलले पाहिजे, म्हणजे पत्ता बदलतो आणि ब्राउझर नवी फाइल मागतो. अशी व्यवस्था झाल्यानंतर कॅशेची मुदत बिनधास्त वर्षाची, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंदांची, द्यावी आणि सोबत 'इम्युटेबल' (न बदलणारे) असेही लिहावे. त्या पत्त्यावरचा मजकूर आता कधीच बदलणार नसतो.

हॅश काढताना एक खाच आहे. अपलोड झालेली फाइल हा वाचत पुढे जाणारा प्रवाह असतो. हॅशसाठी तो शेवटपर्यंत वाचला आणि वाचनाची जागा 'सीक' करून पुन्हा शून्यावर आणली नाही, तर पुढे साठवलेली फाइल शून्य बाइटची निघते किंवा पिलो 'प्रतिमा ओळखता येत नाही' अशी तक्रार करते. पिलोच्या 'व्हेरिफाय' नंतरही हेच लागू आहे : तपासणी झाल्यावर ती प्रतिमा पुढे वापरता येत नाही, फाइल पुन्हा सुरुवातीपासून उघडावी लागते. हा दोष लॉगमध्ये फार फसवा दिसतो, कारण हाताने तीच फाइल उघडली तर ती अगदी निरोगी असते.

उभा फोटो आडवा का होतो

मोबाइलचा कॅमेरा उभा धरला तरी सेन्सर आडवाच असतो. कॅमेरा पिक्सेल तसेच लिहितो आणि एक्झिफ माहितीत, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच जोडलेल्या कॅमेऱ्याच्या नोंदीत, २७४ क्रमांकाच्या ओरिएंटेशन या टॅगमध्ये १ ते ८ पैकी एक आकडा लिहून ठेवतो. ६ असेल तर दाखवताना घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवायचे. आजचे ब्राउझर हा टॅग स्वतःहून पाळतात, म्हणून मूळ फोटो सरळ दिसतो. पिलोने जेपीजी साठवताना एक्झिफ मुद्दाम दिली नाही तर ती नव्या फाइलमध्ये जात नाही. त्यामुळे थंबनेलमध्ये पिक्सेल आडवे आणि ते फिरवण्याची सूचना गेलेली, अशी अवस्था होते. मूळ सरळ आणि थंबनेल आडवी, ही जोडी दिसली की दुसरे काही शोधण्याची गरज नाही. 'इमेजऑप्स' मधील 'एक्झिफ ट्रान्सपोज' हे फंक्शन पिक्सेल खरोखर फिरवते आणि ओरिएंटेशनची नोंदही काढून टाकते.

मी यावर केलेली पहिली दुरुस्ती अर्धवट होती. फोटो फिरवला, पण आधी बाजूला काढून ठेवलेली जुनी एक्झिफ साठवताना परत जोडली. ब्राउझरने ती वाचून आधीच सरळ झालेली थंबनेल पुन्हा फिरवली. थंबनेलला एक्झिफ देऊच नये, असे माझे मत आहे. त्यात बऱ्याचदा फोटो कोठे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांशही असतात, आणि आमच्याकडे निम्मे फोटो कारागिरांच्या घरीच काढलेले असत. कोणाच्या घराचा पत्ता चपलेच्या फोटोबरोबर जगभर जावा हे योग्य नाही. त्याच कारणासाठी मूळ फोटोची फाइलही ग्राहकांना थेट देऊ नये; मोठ्या आकाराची एक थंबनेलच 'मोठा फोटो' म्हणून द्यावी.

क्रमाचाही प्रश्न येथे आहे आणि तो मेमरीशी जोडलेला आहे. पिलो फाइल उघडताना फक्त तिचे शीर्ष वाचते. पिक्सेल प्रत्यक्ष लागतील तेव्हाच ती उलगडते. जेपीजीची रचना अशी आहे की ती उलगडतानाच निम्म्या, चतुर्थांश किंवा अष्टमांश आकारात घेता येते, आणि पिलोची 'थंबनेल' ही पद्धत याचा फायदा स्वतःहून घेते. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा फोटो पूर्ण उलगडला तर तीन रंगांचे मिळून ३ कोटी ६० लाख बाइट लागतात; त्यापासून ४०० पिक्सेलची थंबनेल मागितली तर पिलो तो १००० गुणिले ७५० असा चतुर्थांश उलगडते आणि साडेबावीस लाख बाइटांत काम भागते. पण त्याआधीच 'एक्झिफ ट्रान्सपोज' किंवा रंगाचे रूपांतर केले, तर फोटो पूर्ण उलगडून झालेला असतो आणि ही सगळी बचत जाते. म्हणून आधी 'थंबनेल' आणि नंतर फिरवणे, हा क्रम मी ठेवतो. मर्यादा चौरस असेल, म्हणजे ४०० गुणिले ४००, तर या क्रमाने निकालात फरक पडत नाही. चौरस नसेल तर ओरिएंटेशन ५ ते ८ असताना मर्यादेची रुंदी आणि उंची आधी अदलाबदल करून द्यावी लागते.

आणखी दोन गोष्टी नवख्यांना अडवतात. 'थंबनेल' ही पद्धत हातातल्या प्रतिमेतच बदल करते आणि काहीच परत देत नाही, त्यामुळे तिचा परतावा व्हेरिएबलमध्ये घेऊन त्यावर 'सेव्ह' म्हटले की चूक येते. लहान फोटो ती मोठाही करत नाही. 'रिसाइझ' मात्र नवी प्रतिमा देते आणि रुंदी-उंचीचे प्रमाण सांभाळत नाही. चप्पल ताणून लांबुडकी दिसत असेल तर कोडमध्ये कोठेतरी 'रिसाइझ' आहे असे समजावे.

रंग

कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावले जाते, आणि त्यातून येणारा तांबूस-पिवळा रंगच ग्राहक पाहत असतो. थंबनेलमध्ये तो फिकट दिसू लागला की मागवणाऱ्याची आणि विकणाऱ्याची, दोघांचीही फसगत होते. अनेक मोबाइल एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या रंगमानापेक्षा विस्तृत रंगमानात फोटो काढतात आणि ते रंगमान आयसीसी प्रोफाइल म्हणून फाइलमध्ये जोडतात. पिलोने जेपीजी लिहिताना हे प्रोफाइल स्वतः दिले नाही तर ते गळते, आणि तेच आकडे एसआरजीबी समजून वाचले गेल्याने रंग निस्तेज होतो. मी 'इमेजसीएमएस' मधील 'प्रोफाइल टू प्रोफाइल' वापरून थंबनेल एसआरजीबीमध्येच आणतो. कॅटलॉग छापणाऱ्या छापखान्याकडून आलेले फोटो सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांतले, असतात. त्यांचेही रूपांतर याच मार्गाने करावे आणि त्यांचे मूळ प्रोफाइल आरजीबी थंबनेलला चुकूनही चिकटवू नये.

पार्श्वभूमी कापलेली पीएनजी फाइल जेपीजी म्हणून लिहायला गेले की 'आरजीबीए जेपीजीमध्ये लिहिता येत नाही' अशी चूक येते. तिला घाईने आरजीबीमध्ये बदलले तर चूक जाते, पण पारदर्शक भाग बहुधा काळा होतो. पांढऱ्या रंगाची कोरी प्रतिमा घेऊन, पारदर्शकतेचाच मुखवटा वापरून, तिच्यावर फोटो चिकटवावा.

अर्धवट फाइली आणि एकाच वेळी आलेल्या विनंत्या

खालचा भाग राखाडी दिसणारे फोटो हा मला सर्वांत उशिरा कळलेला बिघाड, कारण माझ्या यंत्रावर तो एकदाही आला नाही. सर्व्हरवर पायथन ॲप चालवणाऱ्या गनिकॉर्नचे तीन वर्कर, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या तीन प्रक्रिया, होते आणि थंबनेल पहिल्या मागणीला बनत असे. यादीचे पान दोघांनी एकाच वेळी उघडले की एक वर्कर फाइल लिहीत असतानाच दुसऱ्याला ती 'आहे' असे दिसे, आणि एन्जिनएक्स जेवढे लिहून झाले तेवढेच पाठवून देई. वर्षाच्या मुदतीच्या कॅशेमुळे तो अर्धा फोटो त्या ग्राहकाकडे कायमचा बसे.

उपाय असा : थंबनेल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहावी आणि मग 'ओएस' मॉड्यूलमधील 'रिप्लेस' ने तिला खऱ्या नावावर न्यावे. एकाच फाइल सिस्टिममध्ये हे नामांतर अविभाज्य असते. पाहणाऱ्याला एक तर फाइल दिसत नाही, किंवा पूर्ण दिसते. दोन वर्करांनी एकच थंबनेल बनवली तरी मजकूर तोच असल्याने नुकसान काही नाही, थोडे श्रम वाया जातात इतकेच. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये बनवावी. ती 'टेम्प' मध्ये बनवली आणि ते वेगळ्या फाइल सिस्टिमवर असेल, तर नामांतर होत नाही आणि चूक येते. दुसरे म्हणजे, पायथनचे 'टेम्पफाइल' मॉड्यूल सुरक्षेसाठी फाइल ०६०० परवानगीने, म्हणजे फक्त मालकाला वाचता येईल अशी, बनवते. नामांतरानंतर ती परवानगी तशीच राहते आणि एन्जिनएक्स ४०३ (प्रवेश नाही) देते. नामांतरापूर्वी परवानगी ०६४४ करावी. अर्धवट फोटोंचा बिघाड दुरुस्त केला त्या दिवशी दुपारी एकही नवी थंबनेल दिसेना, ती याच कारणाने.

मूळ अपलोडच अर्ध्यावर तुटले असेल तर मात्र पिलो 'फाइल तुटकी आहे' असे स्पष्ट सांगते. 'लोड ट्रंकेटेड इमेजेस' चालू करून ही चूक दाबता येते, पण मी तसे करत नाही. ती चूक अपलोड करणाऱ्याला मराठीत दाखवून फोटो पुन्हा मागणेच योग्य ठरते.

मोठ्या फोटोंसाठी पिलोने स्वतःच कुंपण घातले आहे : ८,९४,७८,४८५ पिक्सेलच्या वर इशारा आणि त्याच्या दुपटीच्या वर चूक. २०० मेगापिक्सेलच्या मोबाइलचा पूर्ण आकाराचा फोटो या दुपटीच्याही पलीकडे जातो. ते कुंपण काढून टाकण्याचा मोह होतो, पण काही केबींची फाइल उलगडून सर्व्हरची मेमरी खाऊन टाकेल अशी रचता येते आणि हे कुंपण त्यासाठीच आहे. अपलोडच्या वेळी रुंदी-उंची वाचून स्वतःची मर्यादा लावावी. त्याच वेळी लक्षात ठेवावे की एन्जिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी विनंती स्वीकारतच नाही आणि ४१३ देते. तेथे ॲपपर्यंत काही पोचत नसल्याने ॲपच्या लॉगमध्ये काहीच सापडत नाही. आयफोनचे एचईआयसी फोटो पिलो मुळात उघडत नाही. 'पिलो-हाइफ' बसवून त्याची नोंदणी केली की प्रश्न मिटतो.

डिस्क

थंबनेलची रुंदी पत्त्यातून घेण्याची सोय मी सुरुवातीला ठेवली होती, आणि ती काढून टाकावी असे आता ठामपणे सांगतो. एखादा बॉट ४०१, ४०२, ४०३ असे आकडे मागत गेला तर प्रत्येक आकड्याची फाइल बनते. कोडमध्ये १६०, ४०० आणि १००० अशा तीनच रुंदी ठेवाव्यात आणि बाकी सर्वांना ४०४ द्यावा. अशा लहान फाइलींच्या पुरात डिस्कवर जागा असूनही 'जागा नाही' अशी चूक येऊ शकते, कारण जागेआधी आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी, संपतात. ईएक्सटी४ मध्ये मुळात दर १६ केबींमागे एक आयनोड असतो, म्हणजे २० जीबीच्या डिस्कवर सुमारे तेरा लाख. 'डीएफ' या आज्ञेला आयनोडचा पर्याय देऊन पाहिले की ते लगेच दिसते.

माल काढून टाकला तरी जँगो त्याची फाइल पुसत नाही, आवृत्ती १.३ पासून हे जाणीवपूर्वक तसे ठेवले आहे, कारण डेटाबेसचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) मागे फिरला तर पुसलेली फाइल परत येत नाही. हॅशच्या नावांमुळे एक नवी काळजीही येते : एकच फोटो दोन मालांना लावलेला असेल तर दोघांची फाइल एकच असते, म्हणून एक माल काढताना फाइल लगेच पुसली तर दुसऱ्या मालाचा फोटो जातो. मी रात्री एक आज्ञा चालवतो. ती डेटाबेसमधील सर्व हॅश एकत्र घेते आणि ज्यांचा हॅश त्यात नाही व ज्या एका दिवसाहून जुन्या आहेत अशाच फाइली पुसते; एक दिवसाची सवलत नुकत्याच चालू असलेल्या अपलोडसाठी आहे.

आता कोडमध्ये काहीही बदलले की मी सात फाइलींचे एक फोल्डर अपलोड करून पाहतो : 'काळा पट्टा', 'काळी पट्टी', ओरिएंटेशन ६ चा उभा फोटो, पारदर्शक पीएनजी, छापखान्याचा सीएमवायके, मध्येच तोडलेली जेपीजी आणि 'कोऱ्या चपला' हे नाव दोन खुणांच्या 'ऱ' ने लिहिलेली एक फाइल. तुटकी फाइल नाकारली गेली पाहिजे आणि उरलेल्या सहांच्या प्रत्येकी तीन, अशा अठरा थंबनेल तयार झाल्या पाहिजेत. पंधराच झाल्या तर दोन फोटो एका नावावर बसले आहेत असे समजून मी शोध नावांपासून सुरू करतो.